सोळा कोअर म्हणजे सोळा कोअर नव्हे: एपिक ७२८२ आणि ७३०२ ची तुलना नीट कशी करायची

दोन प्रोसेसर घ्या. दोन्ही एएमडीचे एपिक, दोन्ही ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या 'रोम' पिढीतले, दोन्हींत झेन २ या रचनेचे १६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ३२ थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), दोन्ही त्याच एसपी-३ सॉकेटमध्ये बसतात, दोन्हींना आठ चॅनेल डीडीआर-४ आणि डिस्क-कार्ड जोडायला १२८ पीसीआयई लेन. एकाचा नंबर ७२८२, दुसऱ्याचा ७३०२. बाजारात आले तेव्हा यादीतली किंमत पहिल्याची ६५० डॉलर आणि दुसऱ्याची ९७८ डॉलर होती. आता कोटेशन समोर आलं की कुणीही हेच विचारणार, की बाबा सगळं सारखंच दिसतंय तर वरचे ३२८ डॉलर कशाचे?

आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारलाच नाही आणि तिथेच चुकलं. आमच्या पिंपरीच्या ऑफिसात पंपाच्या इम्पेलरचं (आतल्या फिरत्या चाकाचं) सिम्युलेशन चालतं, ओपनफोम या सॉफ्टवेअरवर, एक मशीन ७३०२ चं होतं आणि दुसरं घ्यायचं होतं, तर सप्लायर म्हणाला सर सेम सिरीज आहे, सेम कोअर आहेत, स्वस्तातलं घ्या, काही फरक पडत नाही. घेतलं. आणि मग जे काम संध्याकाळी लावलं की सकाळी ऑफिस उघडायच्या आत संपलेलं असायचं, तेच काम नव्या मशीनवर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायला लागलं. दोन दिवस आम्ही सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत होतो. चूक सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण हा फरक विकत घ्यायच्या आधी अर्ध्या तासात कळण्यासारखा होता.

पहिलं काम कागदावरचं. डेटाशीट उघडा पण कोअर आणि गिगाहर्ट्झ बघून बंद करू नका, ते दोन आकडे सगळेच बघतात आणि सारख्या प्रोसेसरमध्ये तेच दोन आकडे जवळजवळ असतात. ७२८२ चा बेस क्लॉक म्हणजे मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ, बूस्ट म्हणजे जमेल तेव्हा मिळणारा वरचा वेग ३.२. ७३०२ चा बेस ३.०, बूस्ट ३.३. म्हणजे बूस्टमध्ये फरक ३ टक्के, बेसमध्ये ७ टक्के. एवढ्यावरून कुणीही म्हणेल सोडा, स्वस्तातला घ्या. पण त्याच पानावर खाली या. एल-थ्री कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी पण वेगवान मेमरी) ७२८२ ला ६४ एमबी, ७३०२ ला १२८ एमबी, सरळ दुप्पट. आणि अजून खाली प्रत्येक सॉकेटची मेमरी बँडविड्थ (रॅममधून सेकंदाला किती डेटा येऊ शकतो) असा एक आकडा असतो, तो ७३०२ ला २०४.८ जीबी प्रति सेकंद आहे आणि ७२८२ ला ८५.३. जवळपास २.४ पट. हा आकडा एएमडीने लपवलेला नाही, त्यांच्याच पानावर आहे, पण सप्लायरच्या कोटेशनमध्ये तो कधी येत नाही.

हे आकडे कुठून येतात ते एकदा हाताने करून बघा म्हणजे कायमचं डोक्यात बसेल. डीडीआर-४ चं एक चॅनेल एका वेळी ८ बाइट हलवतं. ३२०० च्या स्पीडला ८ ने गुणलं की २५.६ जीबी प्रति सेकंद, अशी आठ चॅनेल म्हणजे २०४.८. आणि २६६७ ला ८ ने गुणून फक्त चार चॅनेल धरली तर ८५.३. म्हणजे ७२८२ च्या बोर्डवर आठही स्लॉट भरता येतात, रॅम पूर्ण दिसते, पण वेग चार चॅनेलइतकाच. कारण आतल्या बांधणीत आहे. ७३०२ मध्ये कोअरच्या चार डाय (सिलिकॉनचे तुकडे) आहेत, ७२८२ मध्ये दोनच, आणि प्रत्येक डायला मधल्या आय-ओ डायशी (रॅमकडे जाणारी वाहतूक सांभाळणारा तुकडा) जोडणारा रस्ता ठराविक रुंदीचा आहे, त्यामुळे रस्तेच दोन असतील तर पलीकडे रॅम कितीही असो, त्यापेक्षा जास्त माल येऊ शकत नाही. एका कोअरच्या वाट्याला येणारा हिशेब काढला तर ७३०२ वर १२.८ जीबी आणि ७२८२ वर ५.३ च्या आसपास. माझ्या मते दोन सारख्या प्रोसेसरची तुलना करताना हा एक भागाकार सगळ्यात आधी करावा, क्लॉकच्या आधी.

पण थांबा, याचा अर्थ ७२८२ वाईट असा अजिबात नाही. सगळं तुमचं काम काय आहे त्यावर आहे, आणि तुमचं काम रॅमकडे किती वेळा धावतं हे न बघता केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही. वेबसाइट, पीएचपी, छोटे एपीआय, कोड कंपाइल करणं, यातला बराचसा डेटा कॅशमध्ये मावतो आणि तिथे हे दोघं क्लॉकच्या फरकाइतकेच पुढेमागे राहतील. सिम्युलेशन, हवामानाची मॉडेल्स, मोठ्या टेबलांवर पूर्ण स्कॅन मारणाऱ्या क्वेरी, असल्या कामांत डेटा कॅशमध्ये मावतच नाही, सतत रॅममधून ओढावा लागतो, आणि तिथे ७२८२ चे कोअर बराच वेळ नुसते वाट बघत बसतात.

मग आपलं काम कुठल्या जातीचं हे कसं ओळखायचं? दोन सोप्या युक्त्या आहेत आणि दोन्हींना नवीन मशीन लागत नाही, आत्ता जे मशीन आहे त्यावरच होतात. पहिली युक्ती थ्रेडची. तेच काम आधी ४ थ्रेडवर, मग ८ वर, मग १६ वर चालवा आणि वेळ लिहून ठेवा. ४ वरून ८ ला वेळ निम्मा झाला आणि ८ वरून १६ ला परत जवळजवळ निम्मा झाला तर काम कोअरवर अवलंबून आहे. पण ८ वरून १६ ला गेल्यावर वेळ जेमतेम हलला तर समजा की कोअर रिकामे आहेत आणि अडकलंय ते रॅमपाशी (किंवा प्रोग्रॅमलाच नीट वाटून घेता येत नाहीये, म्हणून दुसरी युक्तीही करा). दुसरी युक्ती क्लॉक कमी करण्याची. लिनक्सवर सीपीयू-पॉवर नावाची कमांड आहे, तिने फ्रीक्वेन्सीची वरची मर्यादा मुद्दाम खाली आणा आणि काम परत चालवा. क्लॉक एक तृतीयांशाने कमी केल्यावर वेळ दीडपटीच्या आसपास गेला तर काम क्लॉकचं आहे, आणि वेळ फारसा बदललाच नाही तर काम रॅमचं किंवा डिस्कचं आहे, मग जास्त गिगाहर्ट्झसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आम्ही ही दुसरी युक्ती केली तेव्हा क्लॉक खाली आणूनही इम्पेलरच्या केसचा वेळ इतका कमी बदलला की मी सेटिंग लागलं की नाही हे तीनदा तपासलं.

आता प्रत्यक्ष मापायचं. दोन्ही मशीन हाताशी असतील तर उत्तम, नसतील तर सप्लायरला सांगा डेमोला दोन दिवस द्या, बरेच जण देतात. मापायच्या आधी दोन्ही मशीन सारखी करणं हेच खरं कष्टाचं काम आहे आणि इथेच बहुतेक तुलना फसतात.

रॅमपासून सुरुवात करा. डीएमआय-डीकोड ही कमांड रूट म्हणून चालवा, मेमरी डिव्हाइसचा भाग काढा आणि एकेक स्लॉट वाचा. कुठल्या स्लॉटमध्ये रॅम आहे, कुठला रिकामा आहे, आणि 'कॉन्फिगर्ड' स्पीड किती. इथे दोन आकडे दिसतात, एक रॅमचा स्वतःचा स्पीड आणि दुसरा आत्ता ती ज्या स्पीडला चालतेय तो, आपल्याला दुसरा हवा. मी हे एवढं ठासून सांगतोय कारण ६४ जीबीच्या चार स्टिक लावल्या काय आणि ३२ जीबीच्या आठ लावल्या काय, बेरीज २५६ जीबीच दिसते, पण ७३०२ मध्ये चारच स्लॉट भरले तर तुमची बँडविड्थ २०४.८ वरून १०२.४ वर आली, महागाचा प्रोसेसर घेऊन स्वस्तातल्याच्या जवळ नेऊन ठेवला. सप्लायर हे सर्रास करतात, 'पुढे वाढवायला जागा राहील' म्हणून. आठही चॅनेल भरून घ्या, प्रत्येकात एक, सारख्याच साइजची.

मग बायोस. दोन्हींत एकाच तारखेच्या जवळचं व्हर्जन, एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) दोन्हींत चालू किंवा दोन्हींत बंद, एनपीएस म्हणजे एका सॉकेटचे किती नूमा नोड (कोअर आणि त्यांच्या जवळची रॅम यांचे गट) दाखवायचे ते सेटिंग सारखं. एपिकमध्ये डिटरमिनिझम नावाचं एक सेटिंग असतं, त्यात 'पॉवर' निवडलं तर प्रत्येक चिप आपापल्या ताकदीनुसार जास्तीत जास्त वीज घेऊन पळते आणि एकाच मॉडेलच्या दोन चिपमध्येही फरक दिसू शकतो, 'परफॉर्मन्स' निवडलं तर त्या मॉडेलच्या सगळ्या चिप सारख्या वागतात. तुलनेसाठी 'परफॉर्मन्स' ठेवा. लिनक्समध्ये कर्नल तोच, कंपायलर तोच, शक्यतो एका मशीनवर बनवलेली बायनरीच उचलून दुसरीकडे न्या, दोन्ही झेन २ असल्यामुळे ती तशीच चालते. गव्हर्नर (क्लॉक किती ठेवायचा ते ठरवणारं लिनक्सचं सेटिंग) दोन्हीकडे 'परफॉर्मन्स'वर. आणि स्पेक्टर वगैरे प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींसाठी २०१८ पासून जे बचावाचे उपाय कर्नलमध्ये आलेत ते दोन्हीकडे सारखेच चालू आहेत ना ते एलएससीपीयू या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या कमांडच्या आउटपुटमध्ये खाली व्हल्नरॅबिलिटीच्या ओळींत दिसतं, तेही ताडून बघा.

एलएससीपीयूवर आहातच तर तिला मायनस ई लावून एकदा चालवा. प्रत्येक कोअरपुढे कॅशचा एक कॉलम येतो, कोलनने तोडलेले आकडे, त्यातला शेवटचा एल-थ्रीचा. तो आकडा किती वेगवेगळ्या प्रकारचा येतो ते मोजा. एका सॉकेटच्या ७३०२ वर आठ येतील, ७२८२ वर चार. म्हणजे ७३०२ मध्ये १६ एमबीच्या एका कप्प्यात दोनच कोअर आहेत आणि ७२८२ मध्ये तेवढ्याच कप्प्यात चार. स्क्रीनवर हे दिसलं ना, की मघाचं सगळं गणित डोळ्यासमोर उभं राहतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. झेन २ मध्ये एका कप्प्यातल्या कोअरने दुसऱ्या कप्प्यातल्या कोअरशी बोलायचं तर आय-ओ डायवरून फेरा मारावा लागतो, अगदी दोन्ही कप्पे एकाच डायवर असले तरी. त्यामुळे चार थ्रेड एकमेकांशी सतत देवाणघेवाण करणारं काम असेल, किंवा चार-चार कोअरची व्हर्च्युअल मशीन वाटायची असतील, तर ७२८२ मध्ये ती एका कप्प्यात चपखल बसतात आणि ७३०२ मध्ये दोन कप्प्यांत विभागली जातात. अशा कामात स्वस्तातला प्रोसेसर बरोबरीला येऊ शकतो किंवा पुढेही जाऊ शकतो. म्हणून म्हणतो, आपलं काम घेऊन मापा.

मापताना पहिली चाचणी 'स्ट्रीम' घ्या. जॉन मॅकाल्पिन यांनी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम आहे, एकच फाइल, रॅमची बँडविड्थ मोजतो, कॉपी, स्केल, अ‍ॅड आणि ट्रायड असे चार आकडे देतो, ट्रायडचा आकडा धरायचा. पण यात एक खड्डा आहे. त्याचा अ‍ॅरे (आकड्यांची यादी) मुळात १ कोटी घटकांचा असतो, प्रत्येक घटक ८ बाइटचा, म्हणजे एक अ‍ॅरे ८० एमबीचा, आणि ७३०२ ची कॅशच १२८ एमबीची! मग थोडा डेटा कॅशमधूनच येतो आणि आकडा फुगतो, आणि फुगतो तोही एकाच मशीनवर जास्त, म्हणजे तुलनाच बिघडली. नियम असा की प्रत्येक अ‍ॅरे एकूण एल-थ्रीच्या किमान चौपट हवा, म्हणजे ५१२ एमबी, म्हणजे पावणेसात कोटींच्या आसपास घटक. मी सरळ १० कोटी ठेवतो, दोन्हीकडे. ओपन-एमपी (काम अनेक थ्रेडवर वाटायची सोय) चालू करून कंपाइल करा आणि थ्रेड १६. कागदावरची बँडविड्थ पूर्ण कधीच मिळत नाही, ते बिघाडाचं लक्षण नाही, पण दोघांमधलं प्रमाण कागदाच्या जवळ यायला हवं, नाही आलं तर परत स्लॉट आणि स्पीड तपासा.

मग तुमचं स्वतःचं काम. रोजचं, खरं, पण १० ते २० मिनिटांत संपेल असं कापून घेतलेलं. फार छोटं घेतलं तर प्रोसेसर तापायच्या आत संपतं आणि बूस्टवरचा खोटा वेग दिसतो. पहिला रन फेकून द्या, त्यात फाइल डिस्कवरून रॅममध्ये येतात. त्यानंतर पाच रन, आणि शक्य असेल तर आलटून पालटून, एक या मशीनवर एक त्या मशीनवर, कारण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी अकराची सर्व्हर रूम आणि दुपारी तीनची सर्व्हर रूम एकसारखी नसते, एसी धापा टाकत असतो, आणि एकाची चाचणी सकाळी व दुसऱ्याची दुपारी घेतली तर तुम्ही प्रोसेसर नाही, खोली मापली. चालू असताना टर्बोस्टॅट लावून ठेवा, प्रत्यक्ष क्लॉक किती राहतोय ते त्यात दिसतं.

पाच आकड्यांमधून मधला घ्या, सरासरी नको. समजा ४१२, ४०९, ४१५, ४११ आणि ४६८ सेकंद आले. सरासरी ४२३ येते, पण चार रन ४१५ च्या आत आहेत, ४६८ वाल्याच्या वेळी बहुतेक बॅकअप सुरू झाला असणार. मधला आकडा ४१२, तोच खरा. आणि एकाच मशीनचे रन आपसातच २-३ टक्के हलत असतील तर दोन मशीनमधला २ टक्क्यांचा फरक फरक म्हणून सांगू नका. टक्के काढतानाही जपा. एकाला १०० मिनिटं आणि दुसऱ्याला ७० लागली तर वेळ ३० टक्के कमी, पण काम ४३ टक्के जास्त होतं. दोन्ही खरं आहे, पण विकणारा मोठा आकडा सांगतो, तेव्हा कशाचे टक्के ते विचारायचंच.

मशीन मिळतच नसेल तर स्पेक या प्रोसेसरच्या चाचण्या ठरवणाऱ्या संस्थेचे निकाल बघा. सीपीयू २०१७ या त्यांच्या चाचणीसंचाचे निकाल त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात. त्यात 'रेट' म्हणजे एकाच वेळी अनेक कॉप्या चालवून एकूण किती काम झालं, 'स्पीड' म्हणजे एकच काम किती लवकर झालं, आणि 'बेस' म्हणजे कंपायलरची सेटिंग सगळ्या चाचण्यांना ठराविक, 'पीक' म्हणजे प्रत्येक चाचणीला वेगळी सेटिंग द्यायची मोकळीक. सर्व्हरसाठी मी 'रेट'चा 'बेस' बघतो. पण वरचा एकच मोठा आकडा बघून उठू नका, तो सगळ्या चाचण्यांची गुणोत्तर-सरासरी असतो आणि आपल्याला हवा तो फरक त्यात विरघळून जातो. रिझल्ट उघडून आतल्या ओळी वाचा. एलबीएम, फोटोनिक थ्री-डी, रोम्स या रॅम ओढणाऱ्या चाचण्या आहेत, लीला आणि एक्सचेंज-टू बऱ्यापैकी कॅशमध्ये राहणाऱ्या. तुमचं काम कुठल्या गटाजवळचं आहे ते तुम्हाला वरच्या युक्त्यांवरून माहीत झालंय, त्याच ओळींची तुलना करा. कंपायलरचं नाव आणि व्हर्जन दोन्ही रिझल्टमध्ये जुळतंय का बघा. २०२४ मध्ये स्पेकने इंटेलच्या कंपायलरने काढलेल्या २,६०० पेक्षा जास्त निकालांवर शेरा मारला होता, कारण तो कंपायलर एका ठराविक चाचणीचा कोड ओळखून तिच्यापुरतीच सुधारणा करत होता. मेहनतीने चालवलेल्या चाचणीतही असं होतं, मग लोकांनी घरून अपलोड केलेल्या स्कोअरच्या सरासरीवर लाखोंची खरेदी ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेचं पटकन सांगतो. टीडीपी (किती उष्णता हटवायची तयारी लागेल तो आकडा) ७२८२ चा १२० वॉट, ७३०२ चा १५५. फरक ३५ वॉट, चोवीस तास वर्षभर धरला तर ३०७ युनिट. पण टीडीपी म्हणजे प्रत्यक्ष वापर नाही, सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवर वॉट दिसतात तिथून काम चालू असतानाचा आकडा घ्या आणि लागलेल्या वेळाने गुणा. जे मशीन जास्त वॉट खातं पण काम लवकर संपवून शांत बसतं, ते एका कामामागे कमी युनिट खाऊ शकतं. किमतीचंही तसंच, प्रोसेसरच्या फरकाला प्रोसेसरच्या किमतीने नका भागू, पूर्ण सर्व्हरच्या किमतीने भागा, कारण रॅम, डिस्क, कॅबिनेट, वॉरंटी दोन्हीकडे तेवढीच लागते. एकच सॉकेट हवा असेल तर ७३०२ पी बघा, तोच प्रोसेसर, फक्त दोन सॉकेटच्या बोर्डवर जोडीने चालत नाही, आणि त्याची यादीतली किंमत ८२५ डॉलर होती.

आमच्या ७२८२ वर आता फाइल सर्व्हर, लायसन्स सर्व्हर आणि टेस्टिंगची सहा व्हर्च्युअल मशीन आहेत, चार-चार कोअरची, प्रत्येक कुठल्या तरी एकाच एल-थ्री कप्प्याला बांधलेली, आणि तिथे त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. दोन्ही मशीनच्या स्ट्रीमचे आकडे, बायोसचं व्हर्जन, कर्नल आणि कुठल्या स्लॉटमध्ये किती जीबी हे मी कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलंय, रॅम बदलली किंवा बायोस अपडेट केलं की परत मापतो आणि तारखेसकट नवीन ओळ लिहितो.